आवंढा गिळू नका

सकाळी ७

सीटीच्या खोलीत सकाळचं पहिलं काम रुग्णाचं नसतं, यंत्राचं असतं. रात्रभर थंड पडलेली एक्स-रे ट्यूब एकदम पूर्ण जोरावर चालवली तर तिचं आयुष्य घटतं, आणि नवी ट्यूब म्हणजे लाखांचा फटका. म्हणून टेक्निशियन आधी रिकाम्या गॅन्ट्रीत हलके हलके शॉट देऊन ती तापवतो, मग हवेचं कॅलिब्रेशन करतो, मग पाण्याने भरलेला गोल फँटम टेबलावर ठेवून एक स्कॅन घेतो. पाण्याचा आकडा शून्याच्या आगेमागे आला की दिवस सुरू करायला हरकत नाही. चार-पाच अंकांपलीकडे सरकला, तर पहिला फोन कंपनीच्या इंजिनिअरला.

त्या शून्यावर आमचा सगळा कारभार उभा आहे. हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००, पाणी शून्य, स्नायू ५०-६०, घट्ट हाड हजाराच्या पुढे. ही मोजपट्टी गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरच्या नावाने चालते. ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीत तो नोकरीला होता. त्याच्या यंत्रात पहिला रुग्ण झोपला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात. १९७९ मध्ये त्याला आणि अ‍ॅलन कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञाला मिळून वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. घेणारे दोघेही डॉक्टर नव्हते, हे आम्ही डॉक्टर मंडळी फारसं सांगत नाही.

नांदेडच्या उन्हाळ्यात पारा ४३ च्या वर जातो, तेव्हाही यंत्राच्या खोलीत २०-२२ अंश लागतातच. एसी बंद पडला तर माणूस घाम पुसत बसेल, यंत्र थेट संप करतं. म्हणून उन्हाळ्यात नातेवाइकांपैकी निम्मे जण ‘पेशंटजवळ थांबतो की’ म्हणत आत शिरायला बघतात.

सकाळी ८

किनवट, मुखेड, देगलूर, उमरखेडहून पहाटेच्या एसटीने निघालेली माणसं आठच्या सुमारास डॉक्टर लेनमध्ये पोचतात. उपाशीपोटी यायला सांगितलेलं असतं. ‘चहा तेवढा घेतलाय, बिनदुधाचा,’ हे बहुतेकांचं पहिलं वाक्य. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात गुंडाळून बोळा झालेल्या फिल्म, रक्ताचे कागद, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर दोन शब्द: ‘सीटी नेक’.

या दोन शब्दांनी माझं काम भागत नाही. मानेचा सीटी ही एक तपासणी नव्हेच. गालाच्या कॅन्सरसाठी गाल फुगवून घ्यायचा. स्वरयंत्रासाठी शांत श्वास घेताना एकदा आणि लांब ‘ईऽऽ’ म्हणताना पुन्हा एकदा. कानाच्या हाडासाठी काँट्रास्टच्या इंजेक्शनाची गरजच नाही, पण चकती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पातळ हवी. मानेतल्या गळवासाठी खाली छातीपर्यंत उतरावं लागतं, कारण पू घशामागच्या मोकळ्या जागेतून छातीत उतरतो. तोंड बधिर झाल्याची तक्रार असेल, तर वर कवटीच्या तळाशी एकेक भोक तपासायला हवं. चिठ्ठीत प्रश्न नसेल तर तो मलाच शोधावा लागतो, आणि तो शोधायची जागा म्हणजे बाहेरचा बाक.

“काका, काय त्रास आहे?”

“मानंला गाठ आलीय जी.”

“कधीपासून?”

“आखाडापासून.”

“तोंडात काही दुखतं? जखम?”

काका बायकोकडे बघतात. मावशीच सांगतात, “पुडी खातेत ना. तिखट लागंना झालंय तोंडाला. लेकरं सांगून दमले.”

‘सीटी नेक’चा ‘फुगवलेल्या गालांचा सीटी, कवटीच्या तळापासून छातीच्या तोंडापर्यंत’ असा विस्तार झाला. पाच मिनिटं गेली. आमच्याकडच्या कितीतरी महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा या पाच मिनिटांचा उपयोग जास्त, असं माझं मत आहे.

पुढे मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनचा आकडा बघायचा, दमा आहे का, आधी कधी इंजेक्शनाची रिअ‍ॅक्शन आली का, साखरेची गोळी कोणती, हे विचारायचं. मग सह्या, आणि हाताच्या शिरेत सुई.

बायकांच्या मानेच्या स्कॅनला एक वेगळाच अडसर असतो, मंगळसूत्राचा. छातीच्या स्कॅनला ते वर सरकवता येतं, पोटाच्या स्कॅनला तसंच राहू देता येतं. मानेच्या स्कॅनला काढावंच लागतं, कारण सोन्याच्या वाट्यांपासून निघणाऱ्या पांढऱ्या रेघा नेमक्या थायरॉइडवरून जातात. तरुण मुली पटकन काढून पर्समध्ये टाकतात. म्हातारी मात्र अडते. ‘नवऱ्याच्या हातात द्या’ म्हटलं तर काही ऐकतात, काही नाही. आमच्या सिस्टरने यावर तोडगा काढला आहे: काढायचं, पण मुठीत धरून झोपायचं. मानेच्या स्कॅनला हात खाली कमरेशीच असतात, त्यामुळे चित्रात काही येत नाही आणि मंगळसूत्र अंगावेगळं झालं असंही होत नाही. नथ, कानातलं, कवळी, केसांतले आकडे सगळं ट्रेमध्ये. हजूर साहिबची भाविक मंडळी येतात तेव्हा पगडीतली टाचणी किंवा कंग्यात खोवलेली चिमुकली कृपाण निघते. तिथे आम्ही हात लावत नाही. पांढरं स्वच्छ कापड पुढे करतो, ते स्वतःच सोडतात आणि त्यावर ठेवतात. कडं मात्र राहू द्यायला हरकत नसते.

सकाळी ९.३०

पहिला नंबर लेकराचा. दोन वर्षांची मुलगी, हाक मारली तरी वळून बघत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी तपासणी. आईने तिला पहाटेपासून झोपू दिलेलं नाही, आता औषधाच्या जोरावर ती झोपली की दहा मिनिटांत काम उरकायचं. मी हळूच विचारते, “लग्न नात्यात झालंय का?” आई मान हलवते, “मामाच्याच पोराला दिलंय.” आपल्या सीमेकडच्या तालुक्यांत हे उत्तर नवं नाही.

मुलीच्या कानशिलाचं हाड ०.६ मिलिमीटरच्या चकत्यांत उघडतं. कानातल्या शंखाला अडीच वेटोळी असतात. ती पुरी आहेत का, की दीडच आहेत? चेहऱ्याची नस नेहमीच्या वाटेने जाते का? सर्जन जिथून तार आत घालणार ती गोल खिडकी उघडी आहे का? वेटोळी अडीच निघतात. ऐकण्याची नस आहे की नाही, ते एमआरआयवरच कळेल, पण हाडाचा रस्ता मोकळा आहे. किरणांची मात्रा लेकराच्या वजनाप्रमाणे कमी ठेवलेली. स्कॅन काही सेकंदांत संपतो आणि मुलगी नेमकी संपल्यावर उठते.

सकाळी १०.३०

आता गालवाले. एकामागून एक तिघं, आणि तिघंही पन्नाशीच्या आतले. त्यांना बाकावरच शिकवून ठेवलेलं असतं: ओठ घट्ट मिटायचे, गाल हवेने फुगवायचे, नाकाने श्वास घेत राहायचा. पिपाणी वाजवताना गाल होतात तसे. टेक्निशियन स्वतः फुगवून दाखवतो, बाकावरचे सगळे हसतात, आणि हसल्यामुळे निम्मी भीती जाते.

गाल फुगवायचा तो कशासाठी? तोंड मिटलेलं असलं की गालाची आतली कातडी आणि हिरडी एकमेकींना चिकटलेली असतात. सीटीत दोन्ही मिळून एकच करडी पट्टी दिसते. गाठ गालाची की हिरडीची, जबड्याच्या हाडाला भिडली आहे की नुसती शेजारी टेकली आहे, काही कळत नाही. मध्ये हवा शिरली, म्हणजे उणे १००० चा काळाभोर पडदा आला, की दोन्ही बाजू सुट्या होतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या दोघा डॉक्टरांनी ही युक्ती लिहून प्रसिद्ध केली. तिचा खरा उपयोग मराठवाड्याइतका त्यांच्याकडे होत असेल, असं वाटत नाही.

ही युक्ती चालते ती यंत्राच्या वेगामुळे. जुन्या एका-स्लाइसच्या यंत्रात एका फेरीत एकच चकती निघायची. कवटीच्या तळापासून छातीच्या तोंडापर्यंतचे २५-३० सेंटीमीटर पार करायला मिनिटभर लागायचं, आणि चकत्या जाडसर. मिनिटभर गाल फुगवून, न गिळता कोण पडणार? १९९८ च्या सुमारास चार ओळींचे डिटेक्टर आले, मग सोळा, २००४ च्या आसपास चौसष्ट. आता एका फेरीत जवळपास चार सेंटीमीटरची पट्टी टिपली जाते आणि अख्खी मान चार-पाच सेकंदांत संपते. शिवाय चकती इतकी पातळ की तिचा प्रत्येक ठिपका सर्व बाजूंनी सारखा, चौकोनी. त्यामुळे आडवं घेतलेलं चित्र संगणकावर उभं करा, तिरपं करा, स्पष्टपणा तोच. पूर्वी नाकाच्या सायनसचा समोरून छेद हवा असेल तर रुग्णाला पालथं झोपवून हनुवटी वर उचलायला लावत. जुन्या टेक्निशियनना विचारा, म्हाताऱ्या माणसाला त्या अवस्थेत धरून ठेवणं काय असतं ते.

दुसरा नंबर मुखेडकडचा, चाळिशीच्या अलीकडचा.

“गाल फुगवा दादा.”

“फुगंना मॅडम.”

“आणखी जोर लावा.”

“तोंडच उघडंना झालंय, फुगंल कसं?”

सुपारी-तंबाखूने गालाची आतली कातडी चामड्यासारखी ताठ होते, पांढरे पट्टे पडतात, तोंड उघडणं महिन्या-महिन्याने कमी होत जातं. सबम्यूकस फायब्रोसिस. अशा माणसाचा गाल ना फुगतो, ना ताणला जातो. मग जेवढं तोंड उघडतं तेवढ्यात रिकाम्या सिरिंजची नळी दातांत धरायला देऊन दुसरा स्कॅन घेतो. तेवढ्याने दातांत भरलेल्या चांदीच्या रेघा तरी जखमेवरून बाजूला होतात.

इंजेक्शनाच्या आधीचं भाषण ठरलेलं: अंगात एकदम गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल, होत नाही, घाबरायचं नाही. खांदे पायांकडे ओढून घ्या. डोकं हलवू नका. आणि शेवटचं, माइकवरून: “आवंढा गिळू नका.” माणसाला एरवी तास तास गिळल्याचं भान नसतं; ‘गिळू नका’ म्हटलं की त्याच क्षणी घसा वरखाली होतो. म्हणून आमचा टेक्निशियन हे वाक्य आधी सांगतो, एकदा मनासारखं गिळून घ्यायला लावतो आणि मगच बटण दाबतो. काँट्रास्ट सत्तर-ऐंशी मिलिलिटर, इंजेक्शन सुरू झाल्यापासून साधारण मिनिटभर थांबायचं, म्हणजे रक्तवाहिन्याही उजळतात आणि गाठीतही औषध मुरतं.

राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. बाकाखाली केर काढताना पुड्यांचे रिकामे कागद निघतात ते कुठल्या राज्याचे, मी विचारत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले चारांतले एकाहून थोडे जास्त प्रौढ कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू घेत होते, आणि त्यांतले बहुतेक ओढणारे नव्हे, खाणारे. आमचा बाक बघितला तर पाहणीची गरज नाही.

दुपारी १.३०

डबा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि स्पीकरवर टाकलेला कान-नाक-घसा सर्जनचा फोन. “मॅडम, मुखेडचा काय म्हणतोय? काढता येईल का?” “पोळी पाठवतेय, जरा दम धरा,” असं सांगून मी जेवते. अहवालाला आमच्याकडे पोळी म्हणायची पद्धत का पडली, कुणाला आठवत नाही.

दुपारी २.३०

आता अंधारी खोली, दोन मोठे पडदे, आणि माऊसचं चाक. दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम इथे होतं, आणि त्याची रीत बाहेरच्याला उलटी वाटेल: कवटीच्या तळाशी मी आधी गाठ शोधत नाही, चरबी शोधते.

चेहऱ्याच्या आत, वरच्या जबड्यामागे, बोटाच्या पेराहून लहान अशी एक पोकळी आहे, टेरिगोपॅलाटाइन फॉसा. नाक, डोळ्याची खोबण, टाळू, गाल आणि मेंदू, सगळीकडे जाणाऱ्या वाटा या पोकळीत मिळतात. मनमाड जंक्शनसारखा तिचा प्रकार. निरोगी माणसात ती चरबीने भरलेली असते, म्हणजे पडद्यावर काळी. ती काळी टिकली दोन्ही बाजूंना जागेवर असली की निम्मी काळजी मिटते. एका बाजूची टिकली करडी झाली, की गाठ कुठेही दिसत नसली तरी काहीतरी तिथे पोचलं आहे हे धरून चालायचं. मग तिथून निघणारी एकेक वाट तपासायची: गोल भोकातून मागे मेंदूकडे, खाली टाळूकडे, बाहेर चावण्याच्या स्नायूंकडे. शेजारचं अंडाकृती भोक, फोरामेन ओव्हेल, खालच्या जबड्याच्या नसेचं. कॅन्सर या नसेच्या आवरणातून, दोरीवरून मुंगी चढावी तसा, वर चढतो. माणूस सांगतो, ‘हनुवटी बधिर झाली’, आणि लोकांना वाटतं दाढेचं असेल. दोन बाजूंची भोकं जन्मतःही थोडी लहानमोठी असतात, त्यामुळे नुसत्या मापावर निकाल देता येत नाही. भोकाची कड झिजली आहे का आणि खालची चरबी शाबूत आहे का, हे बघायचं. शंका उरली की एमआरआय सुचवायचा. नसेच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा.

मुखेडच्या माणसाच्या चित्रावर मी बराच वेळ थांबते. गाठ डाव्या गालात, अक्कलदाढेच्या मागे. जबड्याच्या हाडाची बाहेरची कड खाल्लेली. चावण्याचा बाहेरचा स्नायू आणि आतला टेरिगॉइड स्नायू यांच्यातली चरबी गेलेली. जबड्याच्या हाडाला वर दोन शिंगं असतात, त्यांच्यामध्ये एक खाच. आजार खाचेच्या खाली थांबला असेल तर सर्जन बहुतेक वेळा तो स्वच्छ काढू शकतो. खाचेच्या वर गेला असेल तर बहुतेक ठिकाणी आधी औषधं देऊन तो आक्रसतो का ते बघतात. टेरिगॉइडच्या हाडाच्या पट्ट्या, कवटीचा तळ किंवा मानेतली आतली मोठी धमनी गुरफटली असेल, तर पुस्तकी वर्गवारीत तो चौथ्या टप्प्याचा ‘ब’. मी उभा छेद काढते, खाचेवर आडवी रेघ मारते. आजार रेघेच्या खाली, तीन-चार मिलिमीटर आधी थांबला आहे. जबड्याखालची एक गाठ मधोमध सडलेली, म्हणजे तिच्यात आजार आहेच. पण कड अजून रेखीव, आजूबाजूच्या चरबीत फुटलेली नाही. अहवालात पहिलं वाक्य खाचेचं लिहिते. सर्जन दहा ओळी वाचणार नाही, पहिली वाचेल.

या कागदावर पुढचं सगळं अवलंबून. राज्याच्या जीवनदायी योजनेची सुरुवात जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत झाली, त्यांत नांदेड होतं. आता ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते, आणि मंजुरीसाठी बायोप्सीसोबत स्कॅनचा अहवाल जोडावा लागतो. कुणी विष्णुपुरीला शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जातो, कुणी लातूरला विवेकानंद रुग्णालयात, कुणी छत्रपती संभाजीनगरला, कुणी थेट टाटाला. लातूर-धाराशिवकडचे ‘बार्शीला नेतो’ म्हणतात. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली, हे त्यांना ठाऊक नसतं, पण ‘बार्शी’ म्हणजे कॅन्सर हे ठाऊक असतं.

पुढची फाइल उघडते आणि २०२१ समोर येतं. त्या मे महिन्यात कोविडमधून उठलेली, साखर वाढलेली, स्टिरॉइड घेतलेली माणसं गाल सुजून, डोळा मिटून येऊ लागली. म्युकर. केंद्राने २० मे रोजी राज्यांना हा आजार नोंदवणं बंधनकारक करायला सांगितलं, तोवर अ‍ॅम्फोटेरिसिन या औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्हे पालथे घालत होते. तेव्हाही चरबीनेच आधी सांगितलं. सायनस नुसता थोडा जाड दिसे, हाड धड दिसे, आणि त्यामागची चरबी मात्र धुरकट झालेली असे. हाड खाल्ल्याची वाट बघत बसलं तर उशीर व्हायचा, कारण ही बुरशी हाड न मोडता रक्तवाहिन्यांतून पलीकडे जाते. आजची फाइल तेव्हा वाचलेल्या एकाची. वरचा जबडा काढलेला, आता गालफडाच्या हाडात इम्प्लांट रोवून दात बसवायचे आहेत. हाड किती जाड उरलं आहे, ते मोजून देते.

दुपारी ४.३०

मोटारसायकलचा अपघात, हेल्मेट नाही. मेंदूत रक्त नाही म्हणून घरचे निश्चिंत, पण नाकातून पाणी गळतंय. मेंदूच्या स्कॅनच्या जाड चकत्यांत कवटीचा तळ निसटतो. त्याच माहितीतून पातळ चकत्या हाडाच्या फिल्टरने पुन्हा काढायच्या. नाकाच्या छताची चाळणीसारखी पट्टी उजवीकडे तडकलेली. कानशिलाचं हाड शाबूत, धमनीचा बोगदा शाबूत. रुग्णाला पुन्हा आत घालावं लागलं नाही. नाक शिंकरायचं नाही, एवढं नातेवाइकांना तिथल्या तिथे सांगते.

संध्याकाळी ६

लातूरची चित्रं येऊ लागतात. तिथल्या एका केंद्राचे स्कॅन नेटवरून माझ्या पडद्यावर येतात. अहमदपूरमार्गे गाडीने जे अंतर कापायला काही तास जातात, ते चार-पाचशे चकत्या काही मिनिटांत कापतात.

आजचा मुलगा सतरा वर्षांचा, नीटच्या तयारीसाठी लातूरला राहिलेला. महिनाभर अधूनमधून नाकातून रक्त. होस्टेलवर सगळ्यांनी एकच निदान केलं: घोळणा फुटला, उन्हाळा आहे, कांदा हुंगव, डोक्यावर पाणी मार. लातूरच्या उन्हाळ्यात हे निदान दहांत नऊ वेळा बरोबरच असतं. पण याचं एकच नाक बंद, तेही सतत. तिथल्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, आत गुलाबी, गुळगुळीत गोळा दिसला, आणि त्यांनी त्याला चिमटा लावला नाही. मला पाठवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘मुलगा, १७, एका बाजूने रक्त, गोळा, बायोप्सी केलेली नाही, अँजिओफायब्रोमा?’ इतकी नेटकी चिठ्ठी वाचून मला त्या डॉक्टरांचा हात हातात घ्यावासा वाटला.

चित्रात सगळं पुस्तकाबरहुकूम. त्याच जंक्शनच्या पोकळीतून उगवलेला गोळा, चरबीची टिकली बेपत्ता, आणि सायनसची मागची भिंत पुढे वाकलेली. वाकलेली, मोडलेली नव्हे. म्हणजे हळूहळू वाढणारं काहीतरी. काँट्रास्ट पडताच गोळा धमनीइतका उजळतो. ही गाठ कॅन्सरची नाही, जवळजवळ फक्त वयात येणाऱ्या मुलांना होते, पण नुसत्या रक्तवाहिन्यांची बनलेली. तिचा तुकडा घ्यायला गेलं तर ओपीडीत रक्ताचा पाट वाहील. शस्त्रक्रियेच्या आधी तिच्या वाहिन्या आतून बंद करायला हैदराबादला किंवा पुण्याला जावं लागेल. लातूरला फोन करते. पलीकडून एकच प्रश्न, “डोक्यात गेलीय का?” “नाही. डोळ्याच्या मागच्या फटीपाशी थांबलीय.” परीक्षा पुढच्या वर्षीही असते, एवढं मुलाच्या वडिलांना सांगा म्हटलं.

संध्याकाळी ७.३०

स्ट्रेचर धडधडत येतं. साखरेचा पेशंट, दाढ दुखत होती, तीन दिवसांत दोन्ही जबड्यांखाली दगडासारखी सूज, जीभ वर उचललेली, लाळ गळतेय. तो बसलेला आहे, पुढे वाकून, आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज. कागदावर: ‘सीटी नेक, अर्जंट’.

मी स्कॅन करत नाही.

नातेवाईक चिडतात. “इतक्या लांबून आणलं, मशीन मोकळी हाय, आन् करंना का झालाव?” समजावते: हा माणूस बसून श्वास घेतोय. त्याला उताणं झोपवलं की जीभ मागे पडेल आणि श्वासाची वाट बंद होईल. आधी वाट, मग चित्र. भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा सर्जन येतात, गळ्याला भोक पाडून नळी बसते, रंग परततो. त्यानंतर तो चार सेकंदांचा स्कॅन. जिभेखाली हवेचे बुडबुडे असलेला पू, तो घशामागून खाली सरकलेला, पण छातीच्या तोंडाशीच थांबलेला. सर्जन चित्र बघता बघताच हातमोजे घालतात.

सीटी घ्यायला कुणीही सांगू शकतं. तो आत्ता नको, हे सांगायलाच रेडिओलॉजिस्ट लागतो.

रात्री ९

सह्या, दिवसभराच्या मात्रांची नोंद, छातीवरचा, किरणं मोजणारा टीएलडी बिल्ला काढून रॅकवर. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाने आमच्या वाट्याला वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टपर्यंत किरणं चालतात. काचेमागे बसल्याने त्याचा अगदी छोटा अंश येतो. रुग्णाला मानेच्या एका स्कॅनमध्ये साधारण ३ मिलिसीव्हर्ट मिळतात, जगात माणसाला निसर्गाकडून वर्षभरात सरासरी मिळतात त्याहून थोडे जास्त. एकदा गरज असताना घेतले तर चिंतेचं कारण नाही. पण आजच्या रुग्णांतल्या एकाचा स्कॅन पंधरा दिवसांपूर्वी दुसरीकडे झालेला होता आणि त्याने सोबत फक्त फिल्म आणली होती. फिल्मवर पंचवीस-तीस चित्रं मावतात, स्कॅनमध्ये चारशे-पाचशे असतात. खाचेवरची रेघ फिल्मवर मारता येत नाही. पुन्हा करावा लागला.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. स्कॅन कुठेही करा, निघताना सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या; ती चित्रं तुमची आहेत, पुढच्या प्रत्येक डॉक्टरकडे लागतील. आणि घरात कुणी पुडी, सुपारी, तंबाखू खात असेल, तर आज जेवणाआधी त्याला त्याचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघायला सांगा. तीन जात नसतील, दोनच जात असतील, किंवा एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तर जवळच्या शासकीय रुग्णालयात कान-नाक-घसा किंवा दंत विभागाची ओपीडी सकाळी उघडते, उद्याच जा.